मेल्यावर वीर कुठे जातो?

प्रश्न : ग्रीक पुराणातल्या वीर अकिलीसची आई समुद्रदेवता, हेराक्लीसचा बाप तर साक्षात देवांचा राजा झ्यूस. मग हे दोघे देव की माणसं? आपल्या राम-कृष्णांसारखे अवतार म्हणावेत का त्यांना? — एक वाचक, डिचोली

उत्तर : अवतार नव्हेत. अवतारात देव स्वतः जन्माला येतो. इथे देवाच्या पोटी माणूस जन्माला येतो, आणि माणूस म्हटला की मरण आलंच. आई थेटिसने अकिलीससाठी जिवाचं रान केलं, तरी तो ट्रॉयच्या युद्धात पडलाच. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या 11व्या सर्गात तो नायक ओडिसियसला पाताळात भेटतो आणि म्हणतो, मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन गरिबाकडे गडी म्हणून राबलेलं परवडलं. आईचं देवत्व त्याच्या काही कामी आलं नाही.

पण साध्या माणसासारखा वीर मेल्यावर संपतही नाही, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्रीकांच्या लेखी वीराचं सामर्थ्य त्याच्या थडग्यात, हाडांत शिल्लक राहतं. ऑलिंपियात झ्यूसची वेदी राखेच्या ढिगाने उंचच उंच वाढलेली, आणि जवळच पेलॉप्स या वीराचं आवार, तिथे दरवर्षी काळा मेंढा बळी जायचा. देवाच्या नावाने जाळलेल्याचा धूर वर जावा, वीराला वाहिलेलं रक्त मातीत मुरावं, अशी साधारण रीत. सगळीकडे ती इतकी काटेकोर पाळत नसत, हेही खरं.

मी शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा मुलांना जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात वीरगळांपुढे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांपुढे, उभं करायचो. वीरगळ खालून वर वाचायचा. खाली लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपला वीर असा वर निघून जातो. ग्रीकांचा वीर जिथे पुरला तिथेच राहतो आणि त्या जागेचा होतो. गोव्याच्या वाचकाला यावरून वीरगळापेक्षा गावाची राखण करणारा देव, राखणदारच आधी आठवेल. राखणदाराची सत्ता गावच्या शिवेपुरती, पण शिवेच्या आत त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

म्हणून तर ग्रीक नगरं हाडांसाठी भांडली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट पाहा. स्पार्टा तेगेआ या नगराकडून सारखी हरत होती. डेल्फीच्या देवळातून कौल आला : ओरेस्टीस या वीराची हाडं आणा. कुठे आहेत? तर जिथे दोन वारे वाहतात, घावावर घाव बसतो आणि आपत्तीवर आपत्ती पडते, तिथे. लिखास नावाचा स्पार्टन तेगेआत एका लोहाराच्या भट्टीशी उभा होता. लोहार म्हणाला, अंगणात विहीर खणताना मला 7 हात लांबीची शवपेटी लागली, आत तेवढंच लांब प्रेत होतं. लिखासने समोर पाहिलं : दोन भाते म्हणजे दोन वारे, घण आणि ऐरण म्हणजे घाव, आणि ठोकलं जाणारं लोखंड म्हणजे माणसांवरची आपत्ती! त्याने ते अंगण भाड्याने घेतलं, हाडं उकरली आणि स्पार्टाला नेली. तिथून पुढे स्पार्टाच जिंकत गेली. अथेन्सनेही इ.स.पू. 475च्या सुमाराला स्कीरोस बेटावरून आपल्या वीराची, थीसियसची म्हणून हाडं आणली.

वीर म्हणजे सज्जन, असंही समजू नये. अस्टिपालेआ बेटाचा क्लेओमेदीस हा मुष्टियोद्धा. ऑलिंपिकमध्ये त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला, पंचांनी विजय काढून घेतला, आणि हा भ्रमिष्ट झाला. गावी परतून त्याने शाळेचा खांब पाडला, छत कोसळून सुमारे 60 मुलं दगावली. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा तो अथीनाच्या देवळातल्या पेटीत लपला. पेटी फोडली तर आत कोणीच नाही! डेल्फीने सांगितलं, तो शेवटचा वीर, त्याच्या नावाने बळी वाहा. ही कथा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती मुलंच येतात. ग्रीकांनी मात्र इथे पुण्य पाहिलं नाही, अचाट शक्ती पाहिली. अशा शक्तीला शांत ठेवायचं असतं.

राहिला हेराक्लीस. तो एकटा दोन्हीकडे बसतो. ओइटा पर्वतावर चितेवर जळाला, देवांच्या ऑलिंपस पर्वतावर गेला, हेबी या देवीशी त्याचं लग्न झालं. तरी पाताळात ओडिसियसला त्याची छाया दिसतेच. सिक्योन नगराचे लोक कोकरू मारून त्याचं काही मांस देवाच्या बळीचं म्हणून खायचे आणि काही वीराचं म्हणून वाहायचे. तुमचा प्रश्न त्यांनाही पडला होता, आणि त्यांनी दोन्ही मान दिले.

प्रश्न : ऑलिंपसचे देव नक्की बाराच का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : आकडा बाराच, नावं मात्र बदलती. कुठे चुलीची देवता हेस्तिया असते, कुठे तिच्या जागी मद्याचा देव डायोनिसस. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीत डायोनिसस बसला आहे. मृतांचा राजा हेडीस याला सहसा या बारांत धरत नाहीत, तो पाताळातच राहतो. अथेन्सच्या बाजारचौकात बारा देवांची वेदी होती आणि शहरापासूनची अंतरं तिथून मोजत.