पैसे हातात येईपर्यंत व्हाउचरवर सही नाही

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात मी जून 2019 पासून स्टोअरमध्ये होते. महिन्याची नोटीस पूर्ण करून 31 जानेवारी 2026 ला काम सोडलं. जानेवारीचा 22,000 रुपये पगार अजून मिळालेला नाही. मालक म्हणतात, ‘स्टॉकमध्ये 11,000 चा फरक निघालाय, तो वळता करू. आधी फुल अँड फायनलच्या व्हाउचरवर सही कर, चेक पुढच्या आठवड्यात देतो.’ लेखी काहीच देत नाहीत. सही करू का? (नाव छापू नये, कोल्हापूर)

उत्तर : नाही, ताई. ‘सर्व रक्कम मिळाली, काही येणे नाही’ असं त्या व्हाउचरवर छापलेलं असतं. सही एकदा झाली की तो ‘पुढचा आठवडा’ उगवत नाही, आणि उद्या अधिकाऱ्यासमोर तेच व्हाउचर तुमच्याविरुद्ध पुढे येतं. पैसे खात्यात जमा झाले की मग सही.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराविषयीचा नवा केंद्रीय कायदा, लागू झाली आहे. कामावरून काढलेलं असो की राजीनामा दिलेला असो, राहिलेला पगार नोकरी सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच तुमचा हिशेब मिटायला हवा होता.

आता ते 11,000. माल तुमच्या ताब्यात होता आणि तुमच्याच हलगर्जीपणामुळे तो कमी भरला, तरच कपात करता येते. तीही तुम्हाला आधी म्हणणं मांडू दिल्यावर. स्टोअरची किल्ली आणखी कुणाकडे असायची? शेवटची मोजणी कधी झाली, त्यावर सही कुणाची? पत्रात हे विचाराच. माणूस काम सोडून जाताना अचानक निघणारा स्टॉकचा फरक मी नोकरीभर पाहिलाय. कारकुनाने नोटीस दिली की गोदामातल्या उंदरांनाही भूक लागते!

दोन पानी रडगाणं नको. कामाचा काळ, राहिलेली रक्कम, बँक खाते क्रमांक आणि पंधरा दिवसांची मुदत एवढंच लिहा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. मुदत टळली तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन सरकारी कामगार अधिकाऱ्यांना भेटा आणि दावा दाखल करा. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, तरी थांबू नका. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक पासबुक आणि मालकांचे व्हॉट्सॲप निरोप न्या. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. दहापट मिळतेच असं मात्र धरून चालू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तेच जास्त खटकलं : ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने मालकाने शेवटी द्यायची एकरकमी रक्कम! कारखान्यात दहा किंवा अधिक माणसं असतील तर पाच वर्षांनंतर ती तुमच्या हक्काची आहे. तुमची सहा वर्षं आणि वर सहा महिन्यांहून जास्त, म्हणजे सात धरायची. समजा, मूळ पगार 13,000 आहे. त्याला 26 ने भागून 15 ने गुणलं की वर्षाचे 7,500, सात वर्षांचे 52,500. देण्याची मुदत तीस दिवस, पुढे व्याज. 22,000 साठी भांडताना ही रक्कम तुम्ही सोडूनच देत होता! तिचा अर्ज वेगळा करा.

पीएफसाठी मालकाच्या मागे लागू नका. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर तुम्हाला स्वतः भरता येते. आधार जोडलेलं आहे ना, ते आजच बघा.