चाक वर घ्या, पाठ खाली नको

प्रश्न

ताई,

माझं वय २७. गेली आठ वर्षं मी चाकावर मातीची भांडी करते. पोटासाठी नाही, निव्वळ आवडीपोटी. नोकरी वेगळीच, आकडेमोडीची. ११ आठवड्यांपूर्वी माझी स्कोलिओसिसची शस्त्रक्रिया झाली. कण्याचा बाक ५८ अंशांचा होता, तो आता २२ वर आलाय. छातीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्यापर्यंत दोन सळ्या आणि स्क्रू आहेत. जखम भरली, रोज पाऊण तास चालते, दुखण्याच्या गोळ्या जवळपास बंद झाल्या.

गेल्या आठवड्यात घरी कुणी नसताना चाकाशी बसले. माती जेमतेम किलोभर. गोळा मध्यावर येईचना. आला असं वाटून भिंत उचलली, तर भांडं एका अंगाला कललं. जे डोळे मिटून जमायचं ते उघड्या डोळ्यांनी जमलं नाही. वीस मिनिटांत उठले, रडले, आणि वर दोन दिवस उजव्या खांद्याच्या पात्याखाली नुसता जाळ. आता दुखणं शमलंय, पण रात्री पडल्या पडल्या वाटतं, सळी तर मोडली नसेल? डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. ते म्हणाले होते, ‘तीन महिन्यांनंतर हळूहळू सगळं करा.’ हळूहळू म्हणजे किती हळू? आई म्हणते, वर्षभर चाकाकडे बघायचंही नाही. माझा हात पहिल्यासारखा बसेल ना?

– चाकापासून दूर

उत्तर

अगं, आधी ती लाज सोड आणि डॉक्टरांना फोन कर. वीस मिनिटं चाकावर बसले, दोन दिवस दुखलं, आता थांबलंय. तीन वाक्यांचं काम आहे. त्यांनी याहून कितीतरी उद्योगी पेशंट पाहिलेले असतात. मी डॉक्टर नाही. तुझ्यासारख्याच दोन सळ्या माझ्या पाठीत आहेत, १३ मणके सांधलेले आहेत आणि तरी मी चाकावर बसते, एवढाच माझा अधिकार. (‘बसते’ ही बोलायची सवय. खरं तर आता उभी असते. ते पुढे सांगते.)

सळीचं म्हणशील, तर अशा वीस मिनिटांनी ती मोडत नसते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एके दिवशी तुटते, तशी सळी थकून मोडते. आणि तीही बहुधा जिथे खालचं हाड महिनोन्महिने जुळतच नाही तिथे. शस्त्रक्रियेत त्या १२ मणक्यांवर हाडाचा चुरा पसरलेला असतो. त्याचं एकसंध हाड व्हायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर कणा धातूने धरून ठेवलाय. स्लॅब ओतल्यावर खालचे टेकू लगेच काढत नाहीत, तसंच. फक्त हे टेकू पुढेही आतच राहतात. म्हणजे ११व्या आठवड्यात तुला बरं वाटतंय ते त्वचेला आणि स्नायूंना. हाड अजून कामावर आहे.

पात्याखालचा जाळ मला चांगलाच ओळखीचा. कण्यापर्यंत पोचायला पाठीचे स्नायू बाजूला सारावे लागतात. ते परत आपल्या जागी बसतात, पण काम विसरलेले असतात. विश्रांतीने शमणारं दुखणं बहुतेकदा त्यांचं. ताप, जखमेतून पाणी, पायात नव्याने आलेला बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, एकाच पोटरीला सूज, अचानक धाप – यातलं काहीही दिसलं, तर मात्र मला पत्र लिहीत बसू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आता त्या कललेल्या भांड्याकडे येऊ. तुझ्या पत्रातलं खरं दुखणं तेच आहे, आणि त्यावर मी तासभर बोलू शकते.

गोळा मध्यावर हाताने येत नाही, अंगाने येतो. कोपर मांडीला नाहीतर बरगड्यांच्या कडेला घट्ट टेकवायचं, आणि पंजा जागचा हलू द्यायचा नाही. जोर येतो तो धडाचा. आठ वर्षं तू ते कोपर कुठे टेकवत होतीस? बाक असलेल्या पाठीत कणा नुसता बाजूला वळत नाही, स्वतःभोवती पिळतोही. एका बाजूच्या बरगड्या मागे फुगतात, दुसऱ्या आत जातात, कंबर एकीकडे खचते. तुझ्या कोपराने त्या वाकड्या अंगातच आपली जागा शोधली होती. डॉक्टरांनी ती जागाच हलवली. कोपर जुन्या पत्त्यावर गेलं आणि तिथे कुणी राहत नव्हतं.

डोळ्यांचंही तेच. शस्त्रक्रियेनंतर माझी उंची अडीच सेंटिमीटरने वाढली. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण भांड्याची कड ज्या कोनातून बघायची सवय होती तो कोन गेला. त्याहून चमत्कारिक म्हणजे सरळ उभी राहिले की मला वाटायचं, मी डावीकडे कलले आहे. चांगले चार-पाच महिने. आरशात बघितलं तर ओळंब्यात! आरसा खरा होता, मी खोटी. माझी पहिली सात भांडी एकाच बाजूला कललेली आहेत. त्यातलं एक मी भाजून ठेवलंय, पेन्सिली ठेवायला.

तेव्हा हात बसेल का, तर बसेल. पण जुना हात शोधू नकोस. नव्या पाठीला नवं कोपर शिकवायचंय. तुला माती कळते, ओल कळते, भिंत कुठे पातळ झालीये ते बोटांना कळतं. ते कुठेही गेलेलं नाही.

डॉक्टरांचा होकार आला की चाकाची मांडणी बदल. आपण चाकाशी जातो ते पुढे वाकून, गुडघे फाकून, मान खाली घालून. हे आता विसरायचं. चाकाखाली भक्कम ठोकळे देऊन ते इतकं वर घे, की उभं राहून दंड अंगालगत ठेवलेस तर पंजे आपोआप मातीवर यावेत. ठोकळे हलता कामा नयेत, चाक डुगडुगलं तर गोळा कधीच मध्यावर येणार नाही आणि दोष तू पाठीला देशील. मागे भिंत असू दे. ढुंगण आणि पाठ तिला टेकवून काम कर, थकवा निम्मा होतो. भांड्याच्या पलीकडे एक आरसा उभा कर. भांड्याची बाजू बघायला आपण दर मिनिटाला कंबरेतून तिरके होतो, ते आरशाने वाचतं. पाण्याचं भांडं जमिनीवर नको, चाकाच्या उंचीला. पायाने दाबायचं पेडल असेल, तर एकाच पायावर सगळा भार पडतो; वेग हाताने लावायची सोय असली तर ती वापर. आणि एप्रन मागे गाठ मारायचा नको, पुढे बांधता येईल असा घे. माझा पहिला दिवस एप्रनची गाठ मारण्यातच संपला होता.

वाकावं लागलंच तर खुब्यातून. तुझे कमरेचे खालचे दोन मणके मोकळे आहेत, त्यांच्या चकत्यांवर आता वरच्या सगळ्यांचं काम येणार. त्यांना आयुष्यभर पुरवून वापरायचंय. गुडघे सैल, ढुंगण मागे, पाठ फळीसारखी. सळ्यांमुळे पाठ तशी फळीच झालीये म्हणा.

चाक तसं गरीब आहे. घात करतं ते आजूबाजूचं काम. माझी फजिती चाकावर झालीच नाही. १५व्या आठवड्यात, चाकावरचं काम छान आटोपून, गाळाची सहा-सात लिटरची बादली जमिनीवरून उचलली आणि तशीच वळून मोरीकडे ठेवायला गेले. वजन, वाकणं आणि पिळणं, तिन्ही एका झटक्यात. फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी बजावलेल्या नेमक्या त्याच तीन गोष्टी. तीन दिवस आडवी होते, आणि चौथ्या दिवशी एक्स-रे काढताना जी धडधड झाली ती वेगळीच. सुदैवाने सगळं जागच्या जागी होतं.

म्हणून मातीची पिशवी उचलणं, माती मळणं, बादल्या आणि भट्टी भरणं ही कामं सध्या दुसऱ्या कुणाची. मळताना आपण सगळं वजन तळव्यांवर टाकून पुढे झुकतो, त्यामुळे ते काम दिसतं त्याहून जड. वरून उघडणारी भट्टी असेल तर तीत वाकून तळाशी फळी लावणं सगळ्यात शेवटी, डॉक्टर वर्षाच्या एक्स-रेत हाड जुळलं म्हणतील तेव्हा. मी आजही ते काम दुसऱ्याला सांगते आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आता हळूहळू म्हणजे किती. पहिले काही दिवस चाक नकोच. टेबल छातीपर्यंत येईल असं घे आणि मुठीत मावेल एवढ्या गोळ्याची चिमटीने वाटी कर. नंतर वळ्यांची भांडी. मान फार वेळ खाली जात नाही ना बघ. वाटीच वर उचलून डोळ्यांसमोर धर. पुढे चाक लावलंस की ३०० ग्रॅम मऊसूत माती, दहा मिनिटं, गजर लावून. गजर वाजला की भांडं अर्धं असलं तरी हात काढायचा. हे मला सगळ्यात जड गेलं. अर्धं भांडं चाकावर सोडून उठणं म्हणजे कुणी बोलत असताना फोन ठेवण्यासारखं वाटतं.

आणि निर्णय त्या वेळी घ्यायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. काम करताना आनंदाच्या भरात पाठ खोटं बोलते. सकाळी कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठताना काल होतं तसंच असेल, तर पुढच्या खेपेला पाच मिनिटं वाढव. जास्त दुखत असेल तर एक दिवस सुट्टी आणि पुन्हा मागच्या वेळेवर. मी वहीत दोनच रकाने ठेवले होते, मिनिटं आणि सकाळ. ती वही तपासणीला घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्या छंदाबद्दल दोन प्रश्न विचारले. त्यांना ‘भांडी करते’ म्हणून काही कळत नाही. चाकासमोर बसलेला स्वतःचा बाजूने काढलेला एक फोटो दाखव, मग बघ ‘हळूहळू’चा किती नेमका अर्थ निघतो ते.

राहिल्या आई. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांची भीती हवेतून आलेली नाही. एके काळी या शस्त्रक्रियेनंतर महिनोन्महिने प्लास्टरच्या कवचात पडून राहावं लागे. पॉल हॅरिंग्टन या अमेरिकन सर्जनने १९५०च्या दशकात पोलिओ झालेल्या मुलांसाठी धातूची सळी बसवायला सुरुवात केली आणि १९६२ साली त्याबद्दल लिहिलं, तीही फक्त वरखाली दोन टोकांना अडकायची. बाक ताणला जायचा, पण कमरेची नैसर्गिक खोलगटही सपाट व्हायची, आणि कवच सुटत नसेच. तुझ्या पाठीत मणक्यामणक्याला स्क्रू आहेत, म्हणून तर तुला एवढ्या लवकर चालवलं. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर ने आणि चाकाचा प्रश्न त्यांच्यादेखत विचार. चोरून चाक लावायचं मात्र बंद. बादली उचलायला माणूस लागणारच आहे, आणि तो घरातलाच असणार.

प्रश्न

माझ्या १५ वर्षांच्या मुलाची हीच शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले. तो शर्यतीत पोहायचा. डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली आहे, पण तो आता तलावाकडे फिरकतही नाही. आम्ही आग्रह करावा का?

– एक वडील

उत्तर

आग्रह नको, चौकशी करा. तीही पाठीची नको. १५व्या वर्षी सगळ्यांसमोर शर्ट काढणं हाच मोठा कार्यक्रम असतो, आणि त्याच्या पाठीवर आता मानेखालपासून कमरेपर्यंत रेघ आहे. कदाचित अडचण एवढीच असेल. पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाख मिळतो, उन्हापासून नवा व्रणही जपला जातो. तो घालायचा की नाही हे त्याला ठरवू द्या.

दुसरी शक्यता, त्याला आपली जुनी वेळ आठवत असेल. सांधलेल्या कण्याला पूर्वीसारखी वळणं घेता येत नाहीत, आणि पहिल्या दिवशी घड्याळ लावलं तर ते त्याला नक्की बोचेल. घड्याळ घरी ठेवा. गर्दी नसलेल्या वेळी जा, तुम्हीही पाण्यात उतरा. डॉक्टरांना ‘पोहू का’ एवढंच न विचारता प्रकार वेगवेगळे विचारा: साधं पाठीवरचं पोहणं, फुलपाखरी, भिंतीशी घेतलेली कोलांटी, ठोकळ्यावरून सूर. पहिल्याला हो मिळालं म्हणजे सगळ्यांना मिळालं असं नाही. सूर बहुधा यादीत सगळ्यात शेवटी येईल. पायऱ्यांवरून उतरा म्हणावं.