वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी कॉस्प्लेची तयारी

मुंबई-पुण्यातील कॉमिक संमेलने आणि महाविद्यालयीन महोत्सव यांमुळे अ‍ॅनिमे (जपानी कार्टूनपट), चित्रकथा किंवा व्हिडिओ गेममधील पात्रांचा वेश स्वतः तयार करून मिरवण्याचा छंद, म्हणजेच कॉस्प्ले, आता आपल्याकडे चांगलाच रुजला आहे, आणि त्याविषयीची पत्रेही आमच्याकडे नियमित येऊ लागली आहेत. ही पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. तक्रार बहुधा शेवटच्या टप्प्याची, म्हणजे रंग उडाल्याची किंवा जोड सुटल्याची असते. तिचे मूळ मात्र फार आधी, माप घेताना किंवा साहित्य निवडताना पडलेले असते. म्हणून पुढील उत्तरांत उपायाआधी कारण सांगितले आहे.

प्रश्न : मी ईव्हीए फोमचे (चपलांसाठी वापरतात त्या लवचीक फोमचे) छातीचे व खांद्यांचे चिलखत तयार केले. तुकडे रबरी गोंदाने जोडले, मग हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, आकार दिला आणि वर चंदेरी ऑइल पेंटचे दोन जाड हात मारले. अंगात घातल्यावर थोड्याच वेळात कमरेजवळचा रंग पापुद्रे होऊन निघाला आणि खांद्याचा एक जोड उघडला. कोणता रंग वापरला असता तर असे झाले नसते? (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : केवळ रंग बदलल्याने आपला प्रश्न सुटणार नाही, कारण येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली गोष्ट क्रमाची. रबरी गोंद उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे तुकडे जोडल्यानंतर जोरदार गरम हवा मारली की सांधे ताणाखाली हळूहळू सुटतात. आधी प्रत्येक तुकडा सुटा गरम करून, गुडघ्यावर, बरणीवर किंवा भांड्यावर दाबून त्याला हवी ती गोलाई द्यावी, तो थंड होईपर्यंत तसाच धरावा आणि मगच जोडकाम करावे. गोंद दोन्ही कडांना पातळ लावायचा असतो आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते पंधरा मिनिटे, थांबायचे असते. गोंद ओला असतानाच कडा दाबल्या तर आतला द्राव अडकून राहतो आणि जोड कधीच पक्का होत नाही. वाळल्यावर मात्र कडा एकमेकींना टेकताक्षणी धरतात व पुन्हा सरकवता येत नाहीत, म्हणून जुळणीच्या खुणा पेनाने आधीच करून ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. ईव्हीए फोम हा सूक्ष्म पोकळ्यांनी भरलेला पदार्थ आहे. हीट गन अंतरावरून एकसारखी फिरवली की वरच्या पोकळ्या मिटतात आणि पृष्ठभागावर किंचित चमक येते. ती चमक सगळीकडे दिसेपर्यंत हे काम करावे. त्यानंतर एक लवचीक थर हवा. त्यासाठी फवाऱ्याच्या डब्यात मिळणारे रबरी लेपन सर्वांत चांगले. ते परवडत नसेल तर सुतारकामाचा पांढरा गोंद थोड्या पाण्यात कालवून त्याचे तीन ते पाच पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून, मारावेत. पांढरा गोंद दमट हवेत आणि घामाने पुन्हा चिकट होऊ शकतो, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात वापरायच्या चिलखतावर शेवटी वॉर्निशचा एक हात आवश्यक आहे. ऑइल पेंट वाळल्यावर कडक होतो आणि फोम वाकला की त्याला तडे जातात. त्याऐवजी अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ हात द्यावेत. धातूचा भास हवा असेल तर आधी काळा रंग सर्वत्र लावून, वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग केवळ उंचवट्यांवर आणि कडांवर फिरवावा. सपाट चंदेरी रंगापेक्षा हे काम कितीतरी अधिक खरे दिसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्या पत्रात आलेलीच नाही. चिलखत जेथे फाटले त्या कंबर आणि खांदा या दोन्ही जागा शरीर सतत वाकवते. तेथे एकसंध तुकडा बसवला तर जगातील कोणताही रंग टिकणार नाही. पोटावर दोन किंवा तीन आडव्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून, आतून रुंद इलॅस्टिकने जोडाव्यात. खांद्याचा कवच-तुकडा छातीला न चिकटवता पट्ट्याने लोंबता ठेवावा. हे जमण्यासाठी साच्याचे माप कागदावर अंदाजाने न घेता अंगावरच घ्यावे. जुना टी-शर्ट घालून त्यावर स्वयंपाकघरातील पातळ पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळावे, वर कागदी चिकटपट्टी सगळीकडे लावावी, तिच्यावर चिलखताच्या रेषा काढाव्यात आणि मग दुसऱ्या व्यक्तीकडून पाठीमागून काळजीपूर्वक कापून घ्यावे. पट्टी लावताना मधूनमधून हात वर करून, खाली बसून पाहावे म्हणजे ती फार आवळली जाणार नाही. हा साचा फोमवर उतरवला की चिलखत आपल्याच अंगाचे होते. छाती व पाठीला ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीचा आणि बारीक नक्षीला २ मिलिमीटरचा फोम पुरतो.

फोम चपला-बूट बनवणाऱ्यांना कच्चा माल विकणाऱ्या दुकानांत मोठ्या शीटच्या रूपात मिळतो. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनी मॅटही चालतात. योगा मॅट घेताना मात्र सावध राहावे, कारण त्यांपैकी अनेक पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या असतात आणि पीव्हीसी तापवल्यास त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू सुटतो. वेष्टनावर पदार्थाचे नाव नसेल तर त्या मॅटला हीट गन लावूच नये. काम खिडकी उघडी ठेवून, शक्यतो गच्चीवर करावे. फोम घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये म्हणून चांगला मास्क वापरावा. गोंदाच्या वाफा मात्र धुळीच्या मास्कने अडत नाहीत, तेथे मोकळी हवा हाच उपाय आहे.

प्रश्न : थर्माकोलच्या गोळ्यावर शिरस्त्राण कोरले. त्यावर स्प्रे पेंट मारताच ते विरघळून खड्डे पडले. ते वाचवता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्प्रे पेंट आणि रबरी गोंद या दोन्हींतील द्रावक थर्माकोलला विरघळवतात. पडलेले खड्डे वाचवण्याजोगे असतील तर पाण्यात कालवायच्या भिंतीच्या पुट्टीने भरून घ्यावेत आणि त्यावर वर्तमानपत्राच्या लहान फाटक्या तुकड्यांचे, पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवलेले चार-पाच थर द्यावेत. कापण्यापेक्षा हाताने फाडलेला कागद वापरावा, कारण त्याच्या विरळ कडा एकमेकींत मिसळून जातात. हे कवच पूर्ण वाळले की त्यावर कोणताही रंग चालतो. खरे तर अशा वेळी थर्माकोल आतून कोरून काढून टाकावा आणि कागदाचेच शिरस्त्राण ठेवावे, असे मी सुचवेन. जव्हार-मोखाडा भागात बोहाडा या मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करण्याची परंपरा आहे; ते डोक्यावर चढवून नाचता येते, यातच कागदाच्या बळाची खात्री आहे.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेला कृत्रिम केसांचा निळा टोप फार चमकतो, लगेच गुंततो, आणि माझ्या पात्राचे केस तर वर उभे राहिलेल्या मोठ्या काट्यांसारखे आहेत. केस वर उचलले की आतल्या जाळीच्या पट्ट्या दिसतात. इस्त्रीच्या यंत्राने सरळ करावेत का? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : केसांच्या इस्त्रीला हात लावण्यापूर्वी धागा पारखून घ्यावा. साधा कृत्रिम धागा उष्णतेने क्षणात वितळून गोळा होतो. उष्णता सोसणारा धागा बहुधा १५० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, पण मर्यादा उत्पादनागणिक बदलते आणि वेष्टनावर दिलेले तापमानच पाळायला हवे. मानेजवळच्या आतल्या भागातील एक बारीक बट निवडून, सर्वांत कमी उष्णतेवर तिच्यावर चाचणी करावी. ती आक्रसली किंवा खरखरीत झाली तर उष्णतेचा विचार सोडून द्यावा.

गुंता सोडवताना रुंद दातांचा कंगवा घ्यावा आणि टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे जावे. मुळापासून ओढल्यास धागे जाळीतून निसटतात. कपडे मऊ करण्याचे द्रावण पाण्यात थोडेसे मिसळून त्याचा फवारा मारला तर कंगवा सहज फिरतो. चमक कमी करण्यासाठी टाल्कम पावडर अगदी हलक्या हाताने, मेकअपच्या मोठ्या ब्रशने भुरभुरावी आणि झटकून टाकावी. गडद रंगावर जास्त झाली तर राखाडी दिसते, म्हणून थोडी थोडी लावावी.

आता काट्यांविषयी. पट्ट्या दिसतात याचे कारण असे की हे टोप केस खाली पडतील या हिशेबाने शिवलेले असतात. केस एका दिशेने पडले की वरची ओळ खालची शिवण झाकते, आणि ते उचलताच ते झाकण जाते. यावर स्प्रे हा उपाय नाही, अधिक केस हाच उपाय आहे. त्याच रंगाचा दुसरा स्वस्त टोप घ्यावा, त्याच्या पट्ट्या जाळीपासून उसवून काढाव्यात आणि पहिल्या टोपातील मोकळ्या जागी सुई-दोऱ्याने शिवाव्यात. दोन्ही टोप एकाच दुकानातून एकाच वेळी मागवावेत, कारण निळ्याच्या छटा खेपेगणिक बदलतात आणि कृत्रिम धाग्यावर केसांचा नेहमीचा रंग चढत नाही. यानंतर प्रत्येक काट्यासाठी एक बट वेगळी करावी, तिच्या मुळाजवळचे केस टोकाकडून मुळाकडे कंगवा फिरवून दाबून पाया तयार करावा, हेअर स्प्रे पातळ थरांत मारून ड्रायरच्या थंड हवेने वाळवावा आणि टोक बोटांनी पिळून आवळावे. हेअर स्प्रे ज्वलनशील असतो. हे काम गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवापुढे निरांजन लागलेले असताना कधीही करू नये. फार मोठे काटे असतील तर आत हलक्या फोमचा शंकू बसवून त्यावर केस चिकटवावेत, म्हणजे टोप जड होत नाही.

आपले स्वतःचे केस लांब असल्यास त्यांचा एकच अंबाडा घालू नये. त्यामुळे टोप मागून फुगतो. दोन-तीन बारीक वेण्या घालून त्या डोक्याभोवती सपाट पिनांनी बसवाव्यात, वर जाळीची टोपी घालावी आणि मग टोप चढवावा.

प्रश्न : मुलासाठी अंगाला चिकटून बसणारा, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा वेश शिवला. पहिल्याच दिवशी मांडीची शिवण तुटली. आमचे मशीन जुने, केवळ सरळ शिलाईचे आहे. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : कापड ताणले जाते आणि सरळ शिलाई ताणली जात नाही, म्हणून दोरा तुटतो. वळणावळणाची झिगझॅग शिलाई असलेले मशीन मिळाले तर उत्तम. नसेल तर गोलसर टोकाची, होजिअरीसाठी मिळणारी सुई बसवावी, सुती दोऱ्याऐवजी पॉलिएस्टर दोरा घ्यावा आणि शिवताना कापड सुईच्या पुढे व मागे हलकेच ताणून धरावे. अशा शिलाईत दोऱ्याला पुरेशी सैल लांबी मिळते. मांडी व काखेसारख्या ताणाच्या जागी दुसरी शिलाई मारावी. कापड बेततानाही अधिक ताणणारी दिशा अंगाभोवती आडवी येईल असे पाहावे, नाहीतर मूल खाली बसताच वेश अपुरा पडतो.

प्रश्न : पाच फुटांची तलवार लोकलने कशी न्यावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ती दोन भागांत तयार करावी. १० मिलिमीटर फोमच्या दोन थरांमध्ये खोबण करून बांबूची चपटी कामटी बसवावी. ती हलकी असते आणि पात्याला लवू देते. कामटी टोकाच्या बरीच आधी संपवावी, म्हणजे टोक कुणाला लागले तरी केवळ मऊ फोम लागेल. मुठीसाठी विजेच्या वायरिंगचा पीव्हीसी पाइप घ्यावा आणि पात्यातून बाहेर ठेवलेले कामटीचे टोक त्यात घट्ट सरकवून आरपार नट-बोल्टने अडकवावे. नेताना दोन्ही भाग कापडी पिशवीत झाकून न्यावेत, कारण गर्दीत चंदेरी रंगाचे पाते पाहून लोक घाबरू शकतात. धातूचे पाते लावण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. संमेलनांच्या दाराशी अशा वस्तू अडवल्या जातात, आणि धारदार तलवार बाळगणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येणारा विषय आहे.

प्रश्न : मुखवट्याच्या डोळ्यांत पांढरे एलईडी बसवले. ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडताच दोन्ही जळाले. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर पुरतात, उरलेला विद्युत दाब रोधकाने (रेझिस्टरने) अडवावा लागतो. ९ व्होल्टवर एका एलईडीसाठी ३३० ओहमचा आणि दोन एलईडी एकामागोमाग जोडल्यास १५० ओहमचा रोधक लावावा. तासन्‌तास घालायच्या मुखवट्यासाठी मी ९ व्होल्टच्या बॅटरीपेक्षा पेन्सिल सेलचा ४.५ व्होल्टचा तीन सेलांचा डबा सुचवेन, कारण तो अधिक वेळ चालतो. त्यावर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १०० ओहमचा रोधक द्यावा. हे सगळे साहित्य आपल्याला पुण्यातील विजेच्या साहित्याच्या तापकीर गल्लीत मिळेल. डबा मुखवट्यात न ठेवता मानेमागे किंवा कमरेला ठेवावा, म्हणजे मुखवटा पुढे झुकणार नाही आणि सेल बदलताना तो उतरवावा लागणार नाही.