परवाना सरकारचा, मनाई कंपनीची

आपण टेक्सासमधील गोदामात रात्रपाळी करता, पिस्तुलाचा रीतसर परवाना आपल्याकडे आहे, पण रुजू होताना सही केलेल्या नियमावलीत शस्त्रांना मनाई आहे. तेव्हा कुणाला न सांगता ते अंगावर बाळगणे नैतिक ठरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ठरणार नाही. आपली भीती मात्र मी हलकी समजत नाही, कारण दारावरच्या पाटीने हल्लेखोर अडत नाही आणि नियम पाळणाराच निःशस्त्र राहतो, या म्हणण्यात तथ्य आहे.

परवान्यामुळे मालकाला दिलेला शब्द रद्द होत नाही. त्याहूनही मला सहकाऱ्यांचा विचार महत्त्वाचा वाटतो. शेजारी खोकी उचलणाऱ्याच्या कमरेला भरलेले पिस्तूल आहे हे ज्यांना ठाऊकच नाही, त्यांच्या जिवाची जोखीम आपण परस्पर ठरवून टाकतो. ते पिस्तूल स्वच्छतागृहात विसरले किंवा झटापटीत दुसऱ्याच्या हाती लागले, तर परिणाम त्यांनाही भोगावे लागतील. प्रत्यक्ष हल्ल्यातही गोंधळ टळत नाही. २१ जून २०२१ रोजी कोलोरॅडोतील अरव्हाडा येथे एका सशस्त्र नागरिकाने पोलिसाची हत्या करणाऱ्या हल्लेखोराला गोळ्या घातल्या, आणि नंतर हल्लेखोराची रायफल हाती असलेल्या त्या धैर्यवान माणसालाच दुसऱ्या पोलिसाने हल्लेखोर समजून ठार केले.

तत्त्व म्हणून नियम अमान्य असेल, तर तसे उघडपणे सांगावे. शस्त्र काढून घेणाऱ्या मालकावर संरक्षणाची जबाबदारी अधिकच येते. १९७० च्या केंद्रीय कायद्यानेही ज्ञात गंभीर धोक्यांपासून मुक्त कार्यस्थळ देण्याचे बंधन त्याच्यावर घातले आहे. म्हणून वाहनतळावर उजेड, रात्री पहारेकरी आणि पाळीत किमान दोन माणसे, अशी मागणी लेखी करा. येण्याजाण्याच्या वाटेची चिंता असल्यास टेक्सासच्या २०११ च्या कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, कायदेशीर शस्त्र स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ठेवण्यास मालक मनाई करू शकत नाही. विशिष्ट व्यक्तीकडून धमकी आली असेल, तर ती पोलिसांना आणि कंपनीला ताबडतोब कळवा. कंपनीने तरीही हात झटकले, तर ती नोकरी सोडणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.