पहिला खेळ तीन झाकणांचा

मुलांसोबत घरच्या वस्तूंचा खेळ करायचा तर पहिल्याच दिवशी मोठा घाट घालू नका. तीन मापांची झाकणं आणि कागदावर तीन गोल, बस. झाकणं एका गोलात एकावर एक रचायची, सगळ्यात मोठं तळाशी, एकेक उचलून तिसऱ्या गोलात न्यायची. मोठं झाकण लहानावर ठेवायचं नाही. कमीत कमी 7 खेळ्या लागतात. चौथं झाकण आलं की थेट 15, म्हणून घाई नको.

नवख्यांच्या हमखास चुका:
- खेळ आपणच देखणा करून देणं. गोल मुलांनाच काढू द्या, वाकडे का होईनात.
- मूल अडलं की लगेच हात घालणं. (माझा हात अजून शिवशिवतो, मी तो मांडीखाली दाबून बसतो.)

मुलाने मध्येच नियम बदलला? बदलू द्या. घरात रांगतं बाळ असेल तर मात्र बुचं-मणी नकोत, मोठी झाकणंच घ्या.