खंड्यासाठी पॉलिसी नको, तुमच्यासाठी हवी

प्रश्न : मी ४१ वर्षांचा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. हातात ४६,००० येतात, मिसेस डबे करते त्याचे ९,०००. कसबा बावड्यात वडिलांचं घर आहे. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, आई ७१ वर्षांची. घरखर्च ४५,००० च्या आसपास. आठ महिन्यांपूर्वी रात्रपाळी करून येताना शिये रस्त्यावर गाडीनं उडवलेलं कुत्रं दिसलं, घरी घेऊन आलो. डावा डोळा बाहेर आला होता, डॉक्टरांनी तो काढून टाकला. सगळे मिळून २४,००० लागले. ते क्रेडिट कार्डवर भरले, मिनिमम वेळेवर भरतोय, त्यामुळे त्याची काळजी नाही. आता खंड्या एकदम ठणठणीत आहे, जिना चढतो, पोरांबरोबर खेळतो. डॉक्टर वय चारेक वर्षं सांगतात. ओळखीचे एजंट म्हणतात, त्याच्या पुढच्या औषधपाण्यासाठी महिना ५,००० ची गॅरंटीड योजना घ्या. दहा वर्षं भरायचे, पंधरा वर्षांनी साडेनऊ लाख, म्हणजे ५८ टक्के फायदा. का त्यापेक्षा पेट इन्शुरन्स बरा? पुण्यात चाळीसेक हजारांत नकली डोळा बसवतात म्हणे, तो बसवावा का? माझ्या दोन पॉलिसी आहेत. २०१६ ची वर्षाला २६,०००, कव्हर ५ लाख. २०२३ ची १५ वर्षांची, वर्षाला ३६,०००, कव्हर ३ लाख ६० हजार, तीन हप्ते भरलेत. पतसंस्थेत ९०,००० ची ठेव आहे ८ टक्क्यांनी, ती मुलीसाठी, मोडायची नाही. टर्म काढलेलं नाही, त्यात काही परत मिळत नाही.

उत्तर : खंड्याला उचलून घरी आणलंत, उपचार अर्धवट सोडले नाहीत, याबद्दल तुमचं आणि घरच्या सगळ्यांचं मनापासून कौतुक. अपघातात डोळा गेलेलं कुत्रं रस्त्यावर सहसा जगत नाही. जखमेवर माश्या बसतात, अळ्या पडतात, संसर्ग आत जातो. तुमच्यामुळे हे जगलं.

आता एजंटांची योजना. खंड्या चार वर्षांचा आहे. आपल्याकडची गावठी कुत्री घरात नीट सांभाळली तर बारा-पंधरा वर्षं जगतात. ही योजना पैसे देणार पंधरा वर्षांनी, म्हणजे खंड्याच्या एकोणिसाव्या वर्षी. कुत्र्याच्या औषधपाण्यासाठी म्हणून ही योजना सुचवणाऱ्या माणसानं एवढी बेरीज करायला हवी होती. त्यानं ती केली नाही याचा मला राग आहे, कारण तुमच्या मायेचा उपयोग त्यानं तिसरी पॉलिसी विकायला केला.

५८ टक्क्यांचंही बघा. ६ लाख भरून साडेनऊ मिळाले हे खरं, पण ते पंधरा वर्षांनी. वर्षाला धरलं तर जेमतेम साडेचार टक्के पडतात. तेच ६०,००० दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले, नंतर खातं चालू राहण्यापुरते वर्षाला ५०० भरले, तर आजच्या ७.१ टक्के दरानं पंधरा वर्षांनी साडेबारा लाखांच्या आसपास होतात. तीन लाखांचा फरक. आणि मुळात महिना ५,००० तुमच्याकडे आहेत का? ५५,००० येतात. ४५,००० घरात जातात, दोन पॉलिसींचे महिन्याला ५,२०० पडतात, कार्डाचे १,२००. उरले ३,६००. त्यातून ५,००० चा हप्ता निघत नाही. योजना नाकारा, विषय संपला.

कार्डाची मात्र काळजी करा, आणि आजच करा. मिनिमम भरल्यानं फक्त उशिराचा दंड वाचतो, व्याज थांबत नाही. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, त्यावर १८ टक्के जीएसटी. २४,००० वर हे झाले महिन्याला हजार रुपये. तुम्ही १,२०० भरता, त्यातले हजार व्याजात जातात. आठ महिन्यांत साडेनऊ हजार भरलेत आणि बाकी अजून साडेबावीस हजारांच्या घरात असेल. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्डावर किराणा घेत असाल तर त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय.

इकडे पतसंस्थेत ९०,००० पडून आहेत. त्यातल्या साडेबावीस हजारांवर वर्षाला १,८०० मिळतात आणि तेवढ्याच रकमेवर कार्ड तुमच्याकडून ११,००० च्या आसपास घेतंय. मुलीसाठीची ठेव मोडायची नाही ही भावना मी समजू शकतो, पण या घडीला त्या ठेवीमुळे मुलीचेच नऊ हजारांवर वर्षाला जातायत. ठेव मोडून कार्ड पूर्ण भरा. मुदत संपायला दोन-तीन महिनेच राहिले असतील आणि मोडताना व्याज फार कापत असतील तर ठेवतारण कर्ज काढा, त्याचा दर ठेवीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. काहीही करा, पण येत्या बिलाआधी.

राहिलेले ६७,००० पुन्हा पतसंस्थेत ठेवू नका. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, संचालक ओळखीचे असतात, चहा मिळतो, एक टक्का व्याज जास्त मिळतं. पण बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतची ठेव परत देणारं जे ठेव विमा महामंडळ आहे, त्याचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. वर्षाला सहा-सातशे रुपये जास्त मिळावेत म्हणून अडीअडचणीचा सगळा पैसा तिथं ठेवण्यात अर्थ नाही.

आता जे तुम्ही विचारलंच नाही आणि पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंत, त्याबद्दल. टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा.

तुमचं घर तुमच्या पगारावर चालतं. दोन पॉलिसींचं मिळून कव्हर ८ लाख ६० हजार. घरखर्च ४५,०००. म्हणजे तुमच्यामागे हे पैसे एकोणीस महिने पुरतील. मुलगी तेव्हा दहावीत असेल. नोकरीत पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय या पीएफला जोडलेल्या विमा योजनेतून घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. बऱ्याच कामगारांना हे माहीतच नसतं, त्यामुळे पीएफच्या खात्यावर वारस म्हणून मिसेस आणि मुलांची नावं लागली आहेत ना, हे आधी तपासा. पण ते कव्हर नोकरी आहे तोवरच. आणि तेही धरलं तरी तीन वर्षं पुरी होत नाहीत.

ज्या रस्त्यावर खंड्याला गाडीनं उडवलं, त्याच रस्त्यानं तुम्ही रात्रपाळी करून दुचाकीवर येता. काम वितळलेल्या लोखंडाजवळचं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुमच्या एजंटनं नऊ वर्षांत दोन पॉलिसी विकल्या, तिसरी आणली, आणि हे एकदाही सांगितलं नाही. कारण टर्मवर त्याला मिळणारं कमिशन या जाड हप्त्यांच्या मानानं किरकोळ.

‘परत काही मिळत नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. खंड्याला दर वर्षी रेबीजची लस देता ना? वर्षभर त्याला कुणी चावलं नाही म्हणून लसीचे पैसे परत मागायला कुणी जात नाही. टर्मचा हप्ता तसाच आहे.

किती घ्यायचं? ७५ लाख, वयाच्या साठीपर्यंत. ही रक्कम मिसेसनी साध्या बँक ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवली तरी महिन्याला ४०,००० येतात. त्यांचे डब्यांचे ९,००० धरले की घर आज आहे तसं चालतं. तुमच्या वयाला याचा हप्ता वर्षाला साधारण १५ ते २० हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढाही भार नाही. मावा किंवा तंबाखू खात असाल तर हप्ता दीडपटीच्या आसपास जाईल, तरी फॉर्मवर खरंच लिहा. रक्तदाब, साखर, रात्रपाळी, भट्टीजवळचं काम, सगळं लिहा. लपवलेल्या गोष्टीचा त्रास दाव्याच्या वेळी मिसेसना होतो, आणि तेव्हा सांगायला तुम्ही नसता. फॉर्ममध्ये विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ याखाली पॉलिसी घेण्याचा पर्याय असतो, तो निवडा. त्यानं ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, तुमच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. नातेवाइकांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसानं तर हे करायलाच हवं.

हप्त्याचे पैसे कुठून आणायचे? २०२३ च्या पॉलिसीतून. अजून बारा हप्ते, म्हणजे ४ लाख ३२ हजार भरायचेत, आणि कव्हर आहे साडेतीन लाखांचं. हे चालू ठेवण्याचं कारण मला सापडत नाही. आज सरेंडर केलीत, म्हणजे मुदतीआधीच मोडून पैसे परत घेतलेत, तर भरलेल्या १ लाख ८ हजारांतले बरेच पैसे बुडतील. त्यापेक्षा ती पेड-अप करा. पुढचे हप्ते बंद, कव्हर पाचव्या हिश्श्यावर येईल, साधारण ७२,०००, आणि मुदत संपल्यावर जे असेल ते मिळेल. वर्षाला ३६,००० मोकळे झाले. शाखेत जाऊन पेड-अप आणि सरेंडर दोन्हीचे आकडे लेखी मागा, तोंडी सांगितलेलं धरू नका. क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म पॉलिसी हातात येऊ दे, मग जुना हप्ता थांबवा. मधल्या काळात घर उघडं राहायला नको.

आईंचं नाव कंपनीच्या मेडिक्लेममध्ये नसणार. त्यांना सत्तर पूर्ण झाली आहेत, तेव्हा आधार कार्ड घेऊन आयुष्मान वय वंदना कार्ड काढून आणा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यांत होतात. एका सकाळचं काम आहे. तुम्हा चौघांना कंपनीचा मेडिक्लेम असेल तरी तो नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा फ्लोटर, म्हणजे चौघांना मिळून एकच आरोग्य विमा, घ्या. तुमच्या वयाला वर्षाला वीसेक हजार धरा.

जुळतंय का बघा. आधी उरत होते ३,६००, पेड-अपमुळे ३,००० वाढले, कार्ड मिटलं म्हणून १,२००. झाले ७,८००. टर्मला महिना १,७००, फ्लोटरला १,७००, खंड्याला १,०००. तरी ३,४०० उरतात. पहिले काही महिने ते बँकेतल्या ६७,००० मध्येच टाका, निदान लाखभर रुपये हाताशी असू देत. मग मुलीच्या कॉलेजसाठी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम. तिला पाच वर्षं आहेत. १५ टक्के मिळतील या हिशोबावर तिच्या फीचं गणित मांडू नका, १० धरा. पहिले दहाएक महिने बँकेत गेले, तर उरलेल्या चार-सव्वाचार वर्षांत दोन लाख दहा हजारांच्या आसपास होतील.

आता खंड्याचे एक हजार. त्याला वेगळं रिकरिंग खातं काढा आणि ३०,००० होईपर्यंत भरा. रोजचं खाणं घरातलंच असेल. रेबीज आणि बाकीच्या लसी वर्षातून एकदा, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, पावसाळ्यात गोचिडांचं औषध, एवढा खर्च ठरलेला आहे आणि तो घरखर्चात बसतो. रिकरिंग आहे ते अचानक येणाऱ्या खर्चासाठी, जसा आठ महिन्यांपूर्वी आला. पेट इन्शुरन्स मी तुम्हाला सुचवणार नाही. आधीपासून असलेली व्याधी त्यात सहसा धरत नाहीत, म्हणजे डोळ्याशी जोडलेलं काहीही पुढे आलं तर वाद होणार. वर्षाचा हप्ता जाईल आणि ज्या कारणासाठी तुम्ही घेताय तेच बाहेर राहील.

नकली डोळा नको. त्यानं दिसत नाही. तो फक्त चेहरा भरलेला दिसावा म्हणून असतो, आणि त्यासाठी खंड्याला पुन्हा भूल द्यावी लागेल. कुत्र्याचं अर्धं जग नाकानं आणि कानानं चालतं, म्हणूनच तो एवढ्या लवकर जिना चढायला लागला. त्या चाळीस हजारांची गरज खंड्याला नाही. उलट उरलेल्या उजव्या डोळ्याला जपा. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तो तपासून घ्या, डोळ्यातला दाब बघायला सांगा. डोळा लाल झाला, सारखं पाणी यायला लागलं किंवा तो पंजानं चोळायला लागला, तर त्याच दिवशी न्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. रिकरिंग मोडायची ती अशा दिवशी. फिरायला नेताना त्याची डावी बाजू तुमच्याकडे ठेवा, रहदारी उजव्या डोळ्याला दिसू दे. मुलाला सांगा, खंड्या झोपला असेल तर डावीकडून एकदम हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. दचकलेलं कुत्रं मायेचं असलं तरी चावू शकतं.

२०१६ च्या पॉलिसीला सध्या हात लावू नका. तिचे निम्मे हप्ते भरून झाले असतील तर कदाचित ती चालवणंच बरं पडेल. मुदत किती वर्षांची, आजवरचा बोनस किती, आज सरेंडर किती आणि पेड-अप किती, हे चार आकडे शाखेतून लेखी घेऊन कळवा. ते आल्यावर तिच्याबद्दल नक्की सांगता येईल.