2,4-डायक्लोरोफेनॉक्सीअॅसिटिक अॅसिडसारखी लांबलचक नावं इंग्रजीत कशी वाचायची?

नाव शेवटाकडून तोडायचं आणि सुरुवातीपासून वाचायचं. शेतकरी ज्याला 'टू-फोर-डी' म्हणतात, त्या तणनाशकाचं हे नाव. त्याचा गाभा शेवटी आहे: अॅसिटिक अॅसिड, म्हणजे दोन कार्बनचं आम्ल. त्याआधीचं फेनॉक्सी म्हणजे ऑक्सिजनमार्फत जोडलेलं बेंझिनचं कडं. डायक्लोरो म्हणजे कड्यावरचे दोन क्लोरीन. ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनला 1 धरून मोजलं की ते 2 आणि 4 या जागांवर येतात. आता म्हणा:

टू-फोर / डाय-क्लोरो / फेन-ऑक्सी / अ-सी-टिक / अॅसिड

आघात 'क्लो', 'ऑक्' आणि सर्वांत जास्त 'सी'वर. आकड्यांमधला स्वल्पविराम उच्चारायचा नाही, आकड्यांनंतर मात्र किंचित थांबायचं. खरा घोळ शेवटच्या अक्षरांत होतो. इथेन, इथीन आणि इथाइन हे तीन वेगळे वायू आहेत (दोन कार्बनमध्ये अनुक्रमे एकेरी, दुहेरी, तिहेरी बंध). अमीन आणि अमाइड हे नायट्रोजन असलेल्या संयुगांचे दोन प्रकारही वेगळे. घाईत शेवट गिळला की पदार्थच बदलतो. मधल्या तुकड्यांतल्या स्वरांना मात्र सूट आहे: एका कार्बनच्या गटाला अमेरिकेत 'मेथिल' आणि ब्रिटनमध्ये 'मीथाइल' म्हणतात, दोन्ही बरोबर.